सासवडजवळच्या वाड्यातली ओली भिंत

एका रात्रीचे 7,500 रुपये मोजायचे आणि मध्यरात्री चप्पल शोधत अंगणापलीकडच्या संडासात जायचं, हे आमच्या आत्येभावाच्या काही केल्या पचनी पडेना. तेही ऐन थंडीत.

दिवे घाट ट्रकच्या मागे रांगत चढलो, सासवडला अंजिरं घेतली, मुक्कामाच्या वाड्यावर पोचलो. या बाजूला पिलाजी जाधवरावांचा 1710 सालचा जाधवगड कधीच हॉटेल झालाय. हा वाडा त्यापुढे लहानसा. पाच खोल्या, मधे चौक, मागे पागा. न्हाणीघरं सगळी पागेत. जेवण ठीक, पिठलं-भाकरीला 'शाही थाळी' म्हणायची हौस मात्र कुणी आवरायला हवी.

आत्येभावाची कुरकुर ऐकून मालकांनी आम्हाला माडीखालची बंद खोली उघडून दाखवली. पाहुण्यांच्या आग्रहाखातर आधी तिथेच बाथरूम बांधलं होतं, टाइल्स-सिमेंटसकट. दोन पावसाळ्यांत भिंत कमरेच्या वरपर्यंत ओली. पांढरे क्षार फुललेले, पापुद्रे सुटलेले. गवंडीमामा तिथेच गिलावा खरवडत बसले होते.

"मातीची भित हाय ही. जिमिनीतली वल वर चढतीच," ते म्हणाले. "चुना असला की ती सुकून जाती. शिमिट लावलं की पाणी आत कोंडतंय, मग वाट शोधतंय. अन् वाट घावती तुळईच्या टोकाला."

मान वर करून पाहिलं. भिंतीत शिरलेलं सागवानी टोक काळं पडलेलं. मामांनी पटाशी टेकवली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. वरच्या मजल्याची जमीन पेलणारा लाकडी कडीपाट या असल्याच तुळयांवर उभा, आणि आम्ही त्याच मजल्यावर रात्री घोरत होतो!

आता तिथे पुन्हा चुन्याचाच गिलावा. चुना महिनोन्महिने भिजवून मुरवायचा, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, वर गूळ नि हिरड्याचं पाणी. सिमेंटसारखा रातोरात कडक होत नाही, म्हणून खोली हा सीझनभर बंद. मला विचाराल तर वाडा भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने आधी असा एक मामा गाठावा, गाद्या-पडदे मागाहून.

मालकांचं दुखणं निराळंच. बुकिंगचे फोन येतात, त्यात पहिला प्रश्न 'अटॅच्ड आहे का?' नाही म्हटलं की निम्मे लोक फोन ठेवतात.

"मग दर कमी करा की," आत्येभाऊ म्हणाला.

"बँकेला सांगा तसं," मालक म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.