बर्लिनमध्ये हौसेनं चढलेली कोर्टाची पायरी

बर्लिनजवळच्या पोट्सडॅमचा सांसुसी राजवाडा बाहेरून बघावा आणि पुढे चालू लागावं, असं माझं मत. आत जायला ठरावीक वेळेचं तिकीट, आणि उन्हाळ्यात एकदा आत शिरलं की मागच्या घोळक्याचा रेटा. द्राक्षवेलींच्या पायऱ्या मात्र सुरेख आहेत आणि त्या फुकट बघता येतात. माझं डोकं फिरलं ते शेजारच्या पवनचक्कीपाशी.

तिथे एक गाइड इंग्रजीत गोष्ट सांगत होता, आणि हातवाऱ्यांवरून पलीकडचा स्पॅनिशमध्ये तीच सांगत असावा. हा राजवाडा बांधणारा, प्रशियाचा म्हणजे तेव्हाच्या इथल्या राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट, याला चक्कीच्या खडखडाटाचा त्रास व्हायचा. विकत घेतो म्हणाला, तर गिरणीवाला तयार होईना. राजा म्हणाला, मनात आणलं तर फुकटातही घेईन. गिरणीवाला म्हणाला, घ्याल हो महाराज, पण बर्लिनला न्यायाधीश बसलेत ना! राजा वरमला, चक्की राहिली. टाळ्या.

रामशास्त्र्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे आवडायलाच हवं. पण मी तालुक्याच्या कोर्टात उभी हयात काढलेला वकील. इतका सरळ निकाल ऐकला की आधी कागद बघावेसे वाटतात. आणि कागद वेगळंच सांगतात. चक्की राजवाड्याच्या आधीची होती. तक्रार राजाची नव्हती, गिरणीवाल्याची होती, की नव्या बांधकामानं माझा वारा अडला. आज जिच्यासमोर लोक सेल्फी काढतात ती चक्की तर राजा वारल्यानंतर, १७८७ ते १७९१ मध्ये बांधलेली. तीही १९४५ मध्ये जळाली आणि मग पुन्हा उभी केली. म्हणजे या चक्कीचा खडखडाट त्या राजानं कधी ऐकलेलाच नाही.

राग यायचं कारण असं, की त्याच राजाच्या राज्यात गिरणीवाल्याचा खरा खटला झाला होता. तो या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. परतीच्या लोकल गाडीत मी तो भाचीला सांगायला घेतला. ती बर्लिनला नोकरी करते. आधी तिनं कानातलं एकच बोंडूक काढलं, मग दुसरंही.

प्रशियाच्या नॉयमार्क भागात पोमेर्त्सिग नावाचं गाव होतं, आता ते पोलंडमध्ये आहे. तिथे क्रिस्टियान आर्नोल्ड पाणचक्की चालवायचा. वरच्या अंगाला गेर्सडॉर्फ नावाच्या जमीनदारानं कार्प माशांसाठी तळी खणली. आर्नोल्ड म्हणाला, माझं पाणी तोडलं, आता दळू काय आणि खंड भरू काय? खंड थकला. खंडाचा मालक काउंट श्मेट्टाऊ. त्यानं दावा लावला तो कुठे, तर स्वतःच्याच जहागिरीच्या कोर्टात!

प्रशियात तेव्हा खेड्यातल्या माणसाचं पहिलं कोर्ट हेच असायचं. जमीनदाराच्या हद्दीत न्याय जमीनदाराचा, न्यायाधीश त्यानं नेमलेला आणि त्याच्याच पैशावर जगणारा. ज्याचं देणं थकलंय त्याच्याच माणसापुढे तुम्ही कैफियत मांडायची. निकाल काय लागला असेल ते सांगायला वकील लागत नाही. १७७८ मध्ये चक्की लिलावात गेली.

इथपर्यंत भाची आर्नोल्डच्या बाजूनं होती. पुढे गंमत आहे. नवरा-बायकोनं अर्जांवर अर्ज करून राजाला गाठलं. राजानं एक कर्नल चौकशीला धाडला आणि त्याचा अहवाल खरा मानला. तरी क्युस्ट्रिनच्या वरच्या कोर्टानं आर्नोल्डच्या विरोधात निकाल दिला, बर्लिनच्या कामरगेरिश्ट या वरिष्ठ कोर्टानंही तो उचलून धरला. त्यांच्याकडे कारण होतं: तळी आणि आर्नोल्डची चक्की यांच्यामध्ये एक लाकूड कापायची गिरणी होती आणि ती व्यवस्थित चालत होती. पाणी तिला पुरतं, मग याला कसं नाही?

राजा भडकला. ११ डिसेंबर १७७९ ला त्यानं मुख्य न्यायमंत्री फ्युर्स्ट आणि कामरगेरिश्टचे न्यायाधीश यांना बोलावून घेतलं. फ्युर्स्टना तिथल्या तिथे घरी पाठवलं, न्यायाधीशांना कैदेत. अन्याय करणारं न्यायमंडळ चोरांच्या टोळीहून वाईट, हे त्याचं वाक्य त्याच दिवशीचं. न्यायाधीशांना दोषी ठरवायला कामरगेरिश्टच्याच फौजदारी विभागानं नकार दिला, मंत्री झेडलिट्झ यांनीही सही करायला नकार दिला. तेव्हा राजानं शिक्षा स्वतःच ठोठावली. खेडुतांनी राजाचा जयजयकार केला, आणि बर्लिनच्या बड्या लोकांच्या बग्ग्या फ्युर्स्टच्या दारात सहानुभूतीला लागल्या. राजा गेल्यावर त्याच्या वारसानं त्या न्यायाधीशांना निर्दोष ठरवलं.

"मग बरोबर कोण होतं, मामा?" भाचीनं विचारलं.

न्यायाधीश, असं माझं मत. आणि तरी त्या नवरा-बायकोच्या पोटावर पाय देणारं पहिलं कोर्ट खंडाच्या मालकाचंच होतं, तेही खरं. राजानं वरच्या कोर्टाच्या मुंड्या मुरगळल्या, खालचं कोर्ट होतं तसंच ठेवलं. फ्युर्स्टच्या जागी आलेल्या कार्मरनं पुढे कायद्याची मोठी संहिता करवून घेतली, ती १७९४ मध्ये लागू झाली. जमीनदारांची कोर्टं मात्र १८४८ ची क्रांती होईपर्यंत टिकली आणि जानेवारी १८४९ च्या वटहुकुमानं गेली. १ ऑक्टोबर १८७९ पासून साऱ्या जर्मनीत आम्ट्सगेरिश्ट, म्हणजे आपल्या तालुका कोर्टासारखं पहिल्या पायरीचं सरकारी कोर्ट सुरू झालं: एकटा न्यायाधीश आणि ३०० मार्कांपर्यंतचे दावे. पुढे १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांनी प्रशिया हे राज्यच कागदोपत्री मोडीत काढलं. ही कोर्टं आजही आहेत.

"उद्या एक बघू या का?" मी म्हणालो.

"मामा, तुम्ही सुट्टीला आलाय की तारखेला?"

दुसऱ्या दिवशी क्लोस्टरश्ट्रासे स्टेशनवर उतरून लिटेनश्ट्रासेच्या कोर्टात गेलो. रस्त्याला नाव आहे हान्स लिटेन या वकिलाचं. त्यानं १९३१ मध्ये हिटलरला साक्षीला बोलावून उलटतपासणीत घाम फोडला होता, आणि १९३८ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. वकिलाच्या नावाचा रस्ता आणि त्यावर कोर्ट! मी पाटीखाली क्षणभर उभा राहिलो. भाचीनं फोटो काढला, तो मात्र कुणाला दाखवण्यासारखा नाही.

दारात पिशवी यंत्रातून जाते, पट्टा आणि सुटे पैसे ट्रेमध्ये. पुढचं दार उघडलं आणि मी शहाण्या माणसानं चढू नये त्या पायऱ्यांकडे बघतच राहिलो. बारीक खांब सरळ वर जातात, त्यांच्यामधून दोन्ही बाजूंचे जिने वळणं घेत वर येतात, एकत्र होतात, परत फुटतात. १८९६ ते १९०४ या काळात बांधलेली ही इमारत. पूर्व जर्मनीच्या सरकारनं रस्ता रुंद करायला तिचा एक भाग पाडला, हा जिना वाचला. आमच्या कोर्टाचा जिना आठवला: कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या आणि कठड्याला टेकून तारखेची वाट बघणारी माणसं. इथे वाट बघणारेही दिसेनात, कारण प्रत्येक दालनाबाहेर कागद लावलेला, त्यावर वेळ आणि पक्षकार. माणसं आपापल्या वेळेला येत होती. हा एक कागद मला सांसुसीच्या सगळ्या सोनेरी खोल्यांपेक्षा जास्त लागला.

सुनावणी कुणीही बसून ऐकू शकतं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो, भाची कानाशी कुजबुजत होती. घरभाड्याचा दावा होता; भाडं कितीही असो, राहत्या घराचे वाद याच कोर्टात येतात. हिवाळ्यात हीटर बंद पडलेला, म्हणून भाडेकरू बाईंनी भाडं कापून दिलं होतं. घरमालकाचा वकील म्हणे, इतकं कापायचं कारण नाही. मी भाचीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. पाणी गेलं म्हणून खंड थकला, ऊब गेली म्हणून भाडं कापलं!

काळ्या झग्यातल्या न्यायाधीश बाईंनी आधी तडजोडीचं विचारलं. तसं विचारायचं इथल्या कायद्यातच आहे. थोडी ओढाताण झाली, आकडा ठरला. लघुलेखक कुठेच नव्हता. बाईंनी मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर तोंडाशी धरला आणि तडजोडीचं कलम न् कलम बोलून घेतलं, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून. मग बटण दाबून सगळं परत ऐकवलं. त्यांचाच आवाज, जरा चिरका. दोन्ही बाजू मान खाली घालून ऐकत होत्या. मंजूर? वकील म्हणाला मंजूर. भाडेकरू बाई म्हणाल्या मंजूर, आणि लगेच पर्समध्ये बसचा पास शोधू लागल्या.

आमच्याकडे पक्षकाराला आपल्या तडजोडीत काय लिहिलंय ते वकील सांगेल तेव्हा कळतं. त्यातला वकील बहुतेक वेळा मीच असायचो, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

जेवायला जवळच 'त्सुर लेत्स्तेन इन्स्टान्त्स', म्हणजे 'शेवटचं अपील'. जागा १६२१ पासूनची म्हणतात, नाव १९२४ चं. घटस्फोटाला निघालेलं जोडपं इथे बिअर पिऊन परत एक झालं, अशी कथा आहे. या कथेचे कागद मी मागितले नाहीत. मेनूतही पदार्थांना कोर्टाची नावं. शाकाहारी माणसाची बाजू जरा लंगडी पडते, बटाट्यांवर निभावलं.

जेवताना मी बर्लिनच्याच वेडिंग भागातल्या कोर्टाचा विषय काढला. १९०६ मध्ये मायसेनच्या किल्ल्याच्या धर्तीवर पुरं झालेलं, आता वसुलीच्या आदेशांचं मोठं केंद्र. भाचीनं शांतपणे सांगितलं की उद्या म्युझियम, परवा बोट, आणि यावर अपील नाही. पुढचे सगळे दिवस तसेच गेले.