आलूचे डोये

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या टोपल्यातल्या आलूंना कोंब फुटतात. (बटाटा हा शब्द आमच्या गावात पुण्याच्या पाहुण्यांसोबत येतो आणि त्यांच्यासोबतच परत जातो.) आई ते कोंब कोरून फेकते, मी उचलून वाडीत नेतो. घरात कापसाच्या भावावरून डोकी तापलेली असताना आलूच्या कोंबामागं फिरणारा माणूस आमच्याकडं जरा हुकलेलाच समजतात.

सुरुवात मी रीतसर केली होती. प्रत्येक तुकड्याला दोन डोळे ठेवून आलू चिरले आणि त्याच दिवशी लावून मोकळा झालो. चिरलेली बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायची असते, हे नंतर कळलं. आमची काळी माती उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढी भेगाळते, आणि एकदा पाणी प्याली की सोडायचं नाव घेत नाही. दहा दिवसांनी उकरलं तर नुसता चिकट लगदा. वास असा, की बोटं राखेनं दोनदा घासली तरी जेवताना येतच होता.

तेव्हापासून आलू न पुरता आलू काढायचा नाद लागला. आलू हे मूळ नाही, जमिनीत फुगलेलं खोड आहे. मग खोडाचा कुठलाही जिवंत तुकडा चालायला काय हरकत? कोंब बोटभर वाढू दिले, बुडाशी मोहरीएवढे पांढरे ठिपके आले तसे खुडून ओल्या रेतीत खोचले. त्या ठिपक्यांचीच मुळं झाली. आलू टोपल्यात परत ठेवला, तर पठ्ठ्यानं पुन्हा कोंब काढले.

मग सालीही लावल्या. आई वाडीच्या फाटकातून म्हणाली, “उद्या कांद्याच्या फोलपटातून कांदा काढशीन!” तिचं फारसं चुकलं नाही. सालीला डोळे होते, पण कोंबाला पोसायला गर नव्हता. जी चार रोपं वर आली ती सुतळीसारखी. सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगातही आलू लावून पाहिले. शेजारच्या कोंबड्यांनी ढीग उकरला, उघडे पडलेले आलू उन्हानं हिरवे झाले. हिरवा आलू विषारी, म्हणून ते सरळ खड्ड्यात गेले.

खरी गंमत पानानं केली. डिसेंबरात एका झाडाचं पान काढलं, देठाच्या बेचक्यातल्या बारीक डोळ्यासकट आणि चिमूटभर खोडासकट. फुटक्या माठाच्या खापरात रेती भरून बेचका तिच्यात दाबला आणि खापर न्हाणीमागच्या सावलीत ठेवलं. महिन्याभरानं पान पिवळं पडलं. रेती बाजूला केली तर देठाच्या काखेत वाटाण्याएवढा आलू! साल इतकी पातळ की नखानं निघावी, आणि त्याच्यावरही टाचणीच्या टोकाएवढे डोळे. रात्री थंड झाल्या की आलू बांधायचा निरोप पानांतून खाली जातो म्हणे. माझ्या पानाला खाली जायला वाटच नव्हती, म्हणून निरोप काखेतच अडला.

हा सगळा खेळ थंडीपुरता. आलूवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था शिमल्याला आहे. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज या जातींना कुफरी हे नावही तिथल्याच एका थंड गावावरून मिळालं. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या पार जातो. तेव्हा आलू लावला तर पाला फार तर येईल, खाली काही धरणार नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कोंबांची रोपं उपटली. लहानमोठे मिळून दीड किलो भरले. सालीच्या रोपांनी गोट्या दिल्या. आईनं शेंगदाण्याचा कूट, जिरं आणि हिरवी मिरची घालून उपवासाची भाजी केली आणि कौतुकाचा एक शब्दही न बोलता दोनदा वाढून घेतली.

पानाचा आलू मी भाजीत जाऊ दिला नाही. पुढच्या दिवाळीसाठी रिकाम्या काडेपेटीत घालून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं चूल पेटवायला नेमकी तीच काडेपेटी उघडली.

“काऊन रे,” आतून आवाज आला, “यानं चूल पेटते काय?”