३५ वॅट आणि अर्धा मिलिमीटर

बेळगावच्या उद्यमबागेतली माझी सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. हातपाय धुऊन गाडी काढेपर्यंत पावणेबारा वाजतात. पिरनवाडी, किणये करत जांबोटीच्या रस्त्याला लागायचं. कुसमळीच्या पुढं दोन्ही बाजूंना झाडी आणि मधे माझी २०१२ ची स्प्लेंडर. हा सगळा भीमगडच्या जंगलाचा शेजार. गवा रस्त्यात उभा असला तर त्याचं काळं अंग अंधारात दिसतच नाही. आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. म्हणजे डिप्परचा, खाली पडणाऱ्या लाइटचा, उजेड रस्त्यावर नीट पडला पाहिजे. एवढ्यासाठी मी गेल्या पावसाळ्यात हेडलाइटच्या मागं लागलो.

उजेड मंद झाला होता. कारखान्यातल्या पोरांनी एलईडी बल्ब घालायला सांगितलं. पांढराशुभ्र, मागं छोटा पंखा, जुन्याच होल्डरमध्ये बसणारा. घातला. घराच्या भिंतीवर लाइट मारून बघितला तर दिवस उगवल्यासारखं वाटलं. खरं रस्त्यावर आल्यावर झाडांचे शेंडे दिसायचे आणि चाकापुढचा खड्डा दिसायचा नाही. गाडी न्यूट्रलला उभी असली की लाइट फडफडायचा. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर चालतो. म्हणून रेस केली की उजेड वाढतो, सोडली की उतरतो. डीसीवर चालणारा एलईडी त्याच्यावर कसा टिकणार?

तरी मी तो तीन आठवडे वापरला. मग एका रात्री शेजारच्या गावचे आबा सायकलवरून समोर आले. शेतातल्या मोटरीला थ्री फेज रात्रीचा येतो, म्हणून ते पाणी सोडायला निघाले होते. मी डिप्परवरच होतो. तरी ते डोळ्यांवर हात धरून कडेला सरकले आणि साइडपट्टीवरून खाली चरीत गेले. गुडघा सोलला, सायकलचं हँडल वाकलं. मी धावत गेलो, त्यांना उठवलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "लेका, तुझा लाइट बघून मला रस्ताच दिसंना झाला की रे." त्यांना घरी सोडलं, सकाळी जाऊन हँडल सरळ करून दिलं. त्या दिवशी एलईडी काढला.

आमच्या भागातल्या मेकॅनिक मामांकडं गेलो. मी विचारलं, मोठ्या वॅटचा घालू का? मामा म्हणाले, "वॅट काय बघायलैस? उजेड कुठनं निघायलाय ते बघ की." आणि नवा बल्ब खोक्यातून अर्धा बाहेर काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

बावीस वर्षं लेथवर काम करतोय मी, खरं ही वस्तू इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. काचेच्या आत दोन बारीक स्प्रिंगा, म्हणजे दोन फिलामेंट. अप्परची, म्हणजे लांब जाणाऱ्या लाइटची, मागं, रिफ्लेक्टरच्या (हेडलाइटच्या आतल्या खोलगट आरशाच्या) बरोबर केंद्राशी. डिप्परची तिच्या थोडी पुढं, आणि तिच्या खाली नखाएवढी पत्र्याची वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळं डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून वळून रस्त्यावर उतरतो. समोरच्याचे डोळे वाचतात ते या वाटीमुळं. आणि बल्बच्या बुडाच्या चकतीपासून फिलामेंटचं अंतर मिलिमीटरच्या दशांशात पाळलेलं असतं. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. जॉबचा डायमीटर अर्धा मिलिमीटर चुकला तर आम्ही तो भंगारात टाकतो. एलईडीत उजेडाचे ठिपके जाड पट्टीच्या दोन बाजूंना, मूळ फिलामेंटच्या जागेपासून सरकलेले. मग रिफ्लेक्टरनं उजेड कुठं पाठवायचा? तो झाडावर आणि आबांच्या डोळ्यांतच जाणार. ज्या गाड्यांचा हेडलाइट कंपनीतूनच एलईडीचा येतो तिथं रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्याच्यासाठीच घडवलेली असते. तो प्रकार वेगळा.

मोठ्या वॅटचं उत्तरही मिळालं. माझ्या गाडीचा बल्ब एचएस१ प्रकारचा, ३५/३५ वॅटचा, म्हणजे अप्पर ३५ आणि डिप्पर ३५. बुलेटसारख्या गाड्यांना एच४ येतो, ६०/५५ चा. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, बुडाच्या कानांत थोडा फरक. कान घासून एच४ स्प्लेंडरला बसवणारे पुष्कळ आहेत. पण कॉइल देते तेवढीच वीज देणार. ३५ वॅटला बारा व्होल्टवर ३ अँपिअरच्या आसपास करंट लागतो, ६० ला ५. तेवढा मिळत नाही, फिलामेंट पुरती तापत नाही आणि उजेड तांबूस पडतो. १००/९० चा बल्ब तर ८ अँपिअरच्या वर खेचतो. बॅटरीवर हेडलाइट असलेल्या गाडीतसुद्धा रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) आणि जाड वायर नसेल तर होल्डर वितळतो. निळ्या काचेचे बल्ब मामा ठेवतच नाहीत. निळा रंग म्हणजे काचेवर बसवलेली गाळणी, ती उजेडच खाते.

मग माझा जुना बल्ब मंद का झाला होता? होल्डर काढला तेव्हा कळलं. तिन्ही पिनांच्या जागा काळ्या पडलेल्या, एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी. असं सैल, जळकं कनेक्शन मधेच व्होल्टेज खातं. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के उतरतो. वर रिफ्लेक्टरचा मुलामा वरच्या बाजूला धुरकटलेला, म्हणजे डिप्परचा उजेड जिथं पडतो नेमका तिथंच. होल्डर नवा, रिफ्लेक्टर नवा आणि बल्ब साधाच, ३५/३५, बुडावर एचएस१ आणि गोलातला ई, म्हणजे मान्यतेची खूण, छापलेला. बल्बसाठी दीडशेच्या आतच पैसे गेले. रिफ्लेक्टरला त्याहून बरेच, पण ते मला अजिबात जड वाटले नाहीत.

बसवताना मामांनी मला काचेला हात लावू दिला नाही. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. माझ्या हाताला तर दिवसभराचं कूलंट. कागदात धरून बसवला.

रविवारी रात्री गावच्या शाळेच्या भिंतीसमोर गाडी लावली. हवा तपासलेली, मी सीटवर बसलेलो, गाडी सरळ. पुतण्यानं टेपनं ५ मीटर मोजले आणि हेडलाइटच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर मारली. डिप्परची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवला. पुतण्याची गाडी २०१७ नंतरची, तिला लाइट बंद करायचं बटणच नाही, इंजिन चालू की लाइट चालू. तिचाही होल्डर उघडून बघायचं ठरलंय, कारण तिचा बल्ब दिवसाही जळत असतो.

आता लाइट पिवळसर आहे, पोरं म्हणतात जुनाट दिसतो. पण परवा कणकुंबीकडं गेलो होतो, धुकं असं की समोर भिंत उभी. अप्पर मारला तर सगळं पांढरं. डिप्परवर आलो आणि कडेची पांढरी पट्टी दिसत राहिली, घर येईपर्यंत. वाटेत आबांच्या शेताजवळ कुणीतरी सायकलवर समोरून आलं, बॅटरी हलवून पुढं गेलं. डोळ्यांवर हात धरला नाही.

जुना बल्ब अजून जळतोय. कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत घातलाय आणि डबी साइड कव्हरच्या आत ठेवलीय. रात्री बारानंतर जांबोटीच्या पुढं बल्ब गेला तर कुठलं दुकान उघडं मिळणार.