रात्री दहानंतरचा ब्रेकर

आमच्याकडे रात्रीच्या कामाच्या परवानगीचं पत्र दोन मिनिटांत तयार होतं, कारण ते प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर आधीपासून असतंच, तारीख आणि रस्त्याचं नाव बदललं की झालं. "विषय : भूमिगत जलवाहिनी दुरुस्तीकामी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत यंत्रसामग्री वापरणेस परवानगी मिळणेबाबत." खाली "सदर काम अत्यावश्यक स्वरूपाचे असून" वगैरे. पाणीपुरवठ्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून मला नऊ वर्षं झाली, अशी पत्रं किती दिली याची मोजदाद नाही. पण मागच्या उन्हाळ्यातलं एक पत्र अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितेय. शहराचं नाव लिहीत नाही, जुन्या गावठाणाचं कुठलंही शहर समजा.

लाइन ६०० मिलिमीटरची, बीडाची, शिशाच्या जॉइंटची. रस्त्याला ओल दिसायला लागली, मग एका जागी डांबर फुगलं, चौथ्या दिवशी तिथनं झरा लागला. रस्त्याच्या एका बाजूला जुनी दुमजली घरं, आणि दुसऱ्या बाजूला ऐंशी-नव्वद मीटरवर हॉस्पिटल. म्हणजे सरळ शांतता क्षेत्र. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्रात धरतात, तिथे दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४० ही मर्यादा आहे. नुसत्या राहत्या वस्तीत ५५ आणि ४५. चाळीस डेसिबल म्हणजे काय, तर घरात फ्रीज चालू असतो ना, साधारण तेवढा आवाज.

लोक विचारतात की हे सगळं दिवसा का करत नाही, आणि विचारणं बरोबरच आहे. पण लाइन बंद करणं म्हणजे नळ बंद करणं नव्हे. सकाळची पाळी देऊन झाली की मगच शटडाउन घेता येतो, म्हणजे अकरा. दोन व्हॉल्वच्या मधली लाइन दोन किलोमीटर, तेवढ्या पाइपात साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी असतं, आणि ते वॉशआउटमधनं (लाइन रिकामी करायचं तोंड) नाल्यात सोडायला चार-पाच तास जातात. त्यात जुना व्हॉल्व पूर्ण बसत नाही, पाठीमागनं पाणी येतच राहतं. दुसऱ्या टोकाला, काम झाल्यावर लाइन एकदम भरता येत नाही. हळूहळू भरायची, एअर व्हॉल्वमधनं हवा निघू द्यायची, नाहीतर हवा कोंडून पाण्याचा असा दणका बसतो की आत्ता केलेला जॉइंट सोडा, पुढचे दोन उडतात. त्याला तीन तास धरा. सकाळी सहाला नळाला पाणी हवं असेल तर आमचं काम रात्री अडीच-तीनला संपलंच पाहिजे. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की दुसऱ्या दिवशी उशिरा आणि कमी दाबाने येतं, त्याचं कारण हेच.

आता अडचण बघा. ट्रॅफिकवाल्यांनी लेखी कळवलं की रात्री नऊच्या आधी बॅरिकेड लावायचे नाहीत. ध्वनीचा नियम सांगतो दहानंतर बांधकामाची मशिनरी नाही. म्हणजे ब्रेकर (रस्ता फोडायचं मशीन) चालवायला माझ्या हातात एक तास! दोन्ही कागद एकाच फाइलला एकाखाली एक लावलेत, आणि दोन्ही देणाऱ्यांना दुसऱ्या कागदाशी काही देणंघेणं नाही. याचा मला खरंच संताप येतो, कारण पहाटे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला उत्तर द्यायला यातलं कुणी येत नाही, तिथे आमचा व्हॉल्वमन उभा असतो.

पत्र घेऊन मी पोलीस स्टेशनला गेले. तिथले साहेब शांत माणूस, पत्र पूर्ण वाचलं (हे सुद्धा दुर्मिळ), आणि म्हणाले, "मॅडम, मी यावर सही करू शकत नाही. मुंबईत मेट्रोचं रात्रीचं काम हायकोर्टाने थांबवलं होतं, माहितीये ना?" माहीत होतं. २०१७ मध्ये मेट्रो ३ च्या दक्षिण मुंबईतल्या कामाला रात्री दहा ते सहा मनाई झाली होती. म्हटलं साहेब, ते काही वर्षं चालणारं काम, हे एका रात्रीचं आहे, आणि हे नाही केलं तर रस्ता खचेल. ते म्हणाले, "पटतंय मला. पण नियमात प्राधिकारी म्हणजे कलेक्टर किंवा पोलीस आयुक्त, किंवा त्यांनी नेमलेला डीवायएसपीच्या दर्जाचा तरी अधिकारी. मी त्यात बसत नाही." तेही खरं होतं. आवक शिक्का मारून दिला, वरती पाठवतो म्हणाले. शटडाउन परवाचा जाहीर झालेला, पेपरला बातमी गेलेली.

त्या रात्री घरी बसून मी नियम स्वतः वाचला. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, त्यात २०१० मध्ये भर घातलेली. हॉर्न शांतता क्षेत्रात आणि रात्री राहत्या वस्तीत वाजवायचा नाही, सार्वजनिक आणीबाणी सोडून. लाउडस्पीकरलाही आणीबाणीची सवलत आहे. बांधकामाच्या यंत्रांचं वाक्य मात्र सरळ येतं आणि सरळ संपतं, रात्री राहत्या वस्तीत आणि शांतता क्षेत्रात वापरायची नाहीत. पुढे "सोडून" नाहीच. मी तीनदा वाचलं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जी परवानगी मागतोय ती द्यायला समोरच्याकडे साधी ओळही नाहीये, आणि म्हणूनच ती कधी मिळतही नाही, सगळे आवक शिक्क्यावर काम उरकतात.

मग मी काम आवाजाप्रमाणे वाटून घेतलं, आणि याचा मला अभिमान आहे, सांगते. ब्रेकर फक्त नऊ ते दहा, डांबराचे थर फोडण्यापुरता (वर्षानुवर्षं एकावर एक चढवल्यामुळे डांबर दीड फूट झालेलं असतं). खालचा मुरूम जेसीबीच्या बकेटने ओढून निघतो, त्याला ब्रेकर लागत नाही. जनरेटर सायलेंट मागवला, साउंडप्रूफ पेटीतला, ज्याचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत ठेवायचं बंधन असतं, आणि तो घरांपासून लांब, शाळेच्या बंद भिंतीच्या आडोशाला लावला. मड पंप खड्ड्याच्या काठावर न ठेवता खाली उतरवला. बीडाचा पाइप कटरने कापताना कर्कश आवाज होतो, त्याला ओली पोती गुंडाळायची, आणि खड्ड्याच्या घरांकडच्या अंगाला वाळूच्या गोण्या आणि पत्रे. खराब तुकडा काढून नवीन तुकडा दोन मेकॅनिकल कॉलरवर (पाइप जोडायच्या कड्या) बसवायचा, नट-बोल्टचं काम, ठोकाठोक नाही. शिशाच्या जॉइंटला सुतळी भरून शिसं ओतेपर्यंत आवाज नसतो, पण नंतर ते छिन्नीने ठोकून बसवावं लागतं आणि तो टणटण आवाज बीडाच्या पाइपातनं लांबवर जातो. आमचे फिटरमामा पन्नाशीच्या पुढचे, शिसं ओतणारा असा हात आता खात्यात दुसरा नाही, आणि त्यांच्या हाताखाली एकही पोरगा शिकायला दिला नाही कुणी. त्यांनाच मी कॉलर लावूया म्हटलं तेव्हा ते थोडे खट्टू झाले.

आणि शटडाउनच्या संध्याकाळी मी समोरच्या अकरा घरांत स्वतः गेले. बहुतेकांनी ऐकून घेतलं, एकाने टॅक्स कशाला भरतो म्हणून झापलं. खड्ड्याच्या अगदी समोर, पहिल्या मजल्यावर एक आजी. आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, दोन आठवड्यांपूर्वी घरी आणलेले, रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून कॉट. आजी म्हणाल्या, "दिवसभर तळमळतात. अकरा ते तीन तेवढा डोळा लागतो त्यांचा. तेवढं सांभाळ बाळा." मी म्हटलं आजी, दहानंतर ब्रेकर बंद, शब्द देते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

रात्री दहाला पाच मिनिटं कमी असताना ब्रेकर बंद केला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. पावणेबाराला फिटरमामांनी खालनं हाक मारली, "मॅडम, खाली या जरा." उतरले. बॅटरीच्या उजेडात पाइपाऐवजी काँक्रीट. कधीतरी कुणीतरी जॉइंट गळत होता म्हणून त्याच्याभोवती काँक्रीटचा गोळाच ओतून टाकलेला, जवळजवळ मीटरभर लांब, आणि गळती बरोबर त्याच्या कडेला. ड्रॉइंगमध्ये नाही, रजिस्टरमध्ये नाही. ज्याने केलं त्याने एक ओळ लिहून ठेवली असती तर मी हे नऊ ते दहामध्ये फोडलं असतं. आमच्या खात्याचं जमिनीखालचं अर्धं ज्ञान रिटायर झालेल्या माणसांबरोबर घरी गेलंय.

छिन्नी-घणाने फोडायला चार तास, शिवाय आवाज त्यालाही आहेच. ब्रेकरने अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. काम अर्धवट सोडून बुजवायचं, तर पाणी अजून एक दिवस नाही. तेवढ्यात हॉस्पिटलमधनं फोन, टँकर अजून आला नाही, सकाळी डायलिसिसचे पेशंट आहेत. डायलिसिसच्या मशीनला मिनिटाला अर्धा लिटर पाणी लागतं, चार तासांच्या एका पेशंटमागे १२० लिटर, आणि पाणी शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. ज्या हॉस्पिटलमुळे तिथे शांतता क्षेत्र होतं तेच हॉस्पिटल पाण्यासाठी खोळंबलं होतं. वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "तू साइटवर आहेस, तू ठरव." हे वाक्य मी पुढे कधी माझ्या हाताखालच्या माणसाला म्हणणार नाही.

मी आजींच्या जिन्यापाशी गेले. खालची पायरी, वर मंद दिवा. तिथे उभी राहिले, मिनिटभर असेन. वर जाऊन काय विचारणार होते? आजी नाही म्हणाल्या असत्या तर मी ब्रेकर थांबवणार होते का? नव्हते. मग विचारायचं कशाला, असं मनात आलं आणि मी परत फिरले. बारा वाजून वीस मिनिटांनी ऑपरेटरला खूण केली.

आवाज मोजायचा मीटर आमच्याकडे होता, एकाकडनं मागून आणलेला. आजींच्या घराखाली ८८ डेसिबल. वाळूच्या गोण्या असून. दोन मिनिटांत खिडक्या उघडल्या, कुणी ओरडलं, कुणी ११२ ला फोन केला. गाडी आली, हवालदारांनी आवक शिक्क्याचं पत्र बघितलं, खड्ड्यात वाकून बघितलं आणि "लवकर आटपा" म्हणून निघून गेले. आजी गॅलरीत आल्या. काही बोलल्या नाहीत. कठड्याला धरून खाली बघत होत्या, आणि मी हेल्मेट काढून नुसती वर बघत उभी. मग त्या आत गेल्या, दिवा मोठा झाला आणि पहाटेपर्यंत तसाच होता. ब्रेकर चौतीस मिनिटं चालला, बाकी फिटरमामांनी हाताने उकरलं. पावणेतीनला दुसऱ्या कॉलरचा शेवटचा बोल्ट आवळला, सहाच्या आधी लाइन भरून चार्ज झाली, जॉइंट कोरडा. फिटरमामांनी जॉइंटवरनं उलटा हात फिरवला, मला दाखवला, थेंब नव्हता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तोही खोटा नव्हता.

नऊ वाजता, कपडे चिखलाचे तसेच, मी वर गेले. आजोबा जागे होते, एक डोळा लाल. आजी म्हणाल्या, "पाणी आलं गं. भरून घेतलं." मी सांगायला लागले, काँक्रीट निघालं, पर्याय नव्हता, हॉस्पिटल. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पर्याय नव्हता ते कळलंच मला वरनं. पण तू सांगायला यायचंस. खालच्या पोरांना हाक मारून त्यांना मागच्या खोलीत नेलं असतं."

मागची खोली. मी त्यांना नाही म्हणायची संधी द्यायला घाबरत होते, आणि त्यांना नाही म्हणायचंच नव्हतं, त्यांना पाच मिनिटं हवी होती. कॉट उचलायला माझ्याकडे खाली नऊ माणसं होती.

वरच्या ऑफिसचं उत्तर आठ दिवसांनी आलं. "संदर्भीय पत्रान्वये कळविण्यात येते की, नियमानुसार कार्यवाही करावी." फाइलला लावलं.

महिन्याने मी त्या रस्त्याने चालले होते, मीटर परत करायला पिशवीत घेतलेला. आजींना म्हटलं, मागच्या खोलीत आवाज किती येतो ते बघू का? त्यांनी बघू दिलं. रस्त्यावरनं ट्रक, बस गेली की कॉटच्या खिडकीपाशी मीटर ७१ दाखवत होता. मागच्या खोलीत, मधलं दार लावून, ५४. असं पाच-सहा वेळा बघितलं, फरक तेवढाच येत राहिला, सतरा. सतरा डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ताकद पन्नासाव्या हिश्शावर.