बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेज, आणि कुलरच्या खसवर मारलेलं पाणी

बरेच दिवस लिहायचं होतं पण गुरुवारी संध्याकाळी क्लास असतो आणि बाकी दिवस कसे जातात ते तुम्हाला माहितीच आहे. आज थँक्सगिव्हिंगची सुटी आहे, घरात सगळे झोपलेत, म्हणून बसले. नागपूरला ज्यांना ज्यांना फोनवर अर्धवट सांगितलं त्या सगळ्यांसाठी हे.

तर हो, मी परत कॉलेजात जाते आहे. वय ४२, मुलगी आठवीत, नागपूर विद्यापीठातून बी.कॉम. केलं २००४ साली, आणि त्यानंतर परीक्षा अशी दिली ती फक्त ड्रायव्हिंगची. मामेबहिणीचा पहिला प्रश्न, "या वयात अ‍ॅडमिशन देतात?" देतात गं. इथे कॅलिफोर्नियात सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत, एकूण ११६, आणि अठरा वर्षं पूर्ण असलेल्या कुणालाही तिथे जाता येतं, मेरिट लिस्ट नाही, दहावीचे टक्के कुणी विचारत नाही. फी युनिटवर, म्हणजे कोर्सच्या क्रेडिटवर असते, राज्याच्या रहिवाशांना एका युनिटचे ४६ डॉलर. माझा इंग्लिशचा कोर्स ४ युनिटांचा, म्हणजे १८४ डॉलर, वर थोडी किरकोळ फी आणि पार्किंग. पण माझा आकडा पाहून तिकडून मुलांना पाठवायचा विचार करू नका, स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना याच्या कितीतरी पट भरावे लागतात. साधारण ६० युनिटं झाली की असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची डिग्री मिळते आणि मग चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेता येते. ते पुढचं पुढे.

मला लिहायचं होतं. शाळेपासून. नागपूरला सक्करदऱ्याच्या आमच्या घरी निबंधस्पर्धेची सर्टिफिकेटं अजून आहेत. पण ते निबंध कसे होते तर सुरुवातीला सुविचार, मध्ये फाटक्या पुस्तकाचं मनोगत, शेवटी परत सुविचार. सगळं पाठ. बाईंना मी दोष देत नाही, एका वर्गात साठ मुली असल्यावर प्रत्येकीचं वाक्य घेऊन कोण बसणार? पण त्यामुळे झालं असं की लिहिणं म्हणजे चांगली चांगली वाक्यं आठवून ठेवणं हेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आणि लग्नानंतर पुण्यात गेल्यावर "काय करून राहिली" असं तोंडातून निघालं की ऑफिसात हसायचे, तर बोलतानाही मी आपलं वाक्य आधी मनात तपासून मगच बाहेर काढायला लागले. वीस वर्षं तशीच बोलते आहे.

पहिलंच असाइनमेंट होतं स्वतःच्या आयुष्यातल्या एका जागेबद्दल, चार पानं, टाइम्स न्यू रोमन, बारा पॉइंट, डबल स्पेस. मी नागपूरचा उन्हाळा घेतला. नागपूरला खूप गरम होतं, रस्ते ओस पडतात, पण माणसं प्रेमळ आहेत, असं सगळं छान लिहून दिलं. आठवड्याने परत आलं तर मॅडमनी "खूप गरम" खाली रेघ मारून समासात लिहिलेलं, किती? कुठल्या खोलीत? कोण काय करतंय? आणि "माणसं प्रेमळ" च्या बाजूला नुसतं, कोण?

मार्क नव्हतेच. इथे पहिल्या ड्राफ्टला मार्क देत नाहीत, एकाच लेखाचे तीन तीन ड्राफ्ट करायचे असतात, मध्ये वर्गातली दुसरी मुलं तुमचं वाचून शेरे देतात, त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात, आणि रायटिंग सेंटर म्हणून एक जागा आहे तिथे फुकट कुणीतरी अर्धा तास शेजारी बसून तुमच्याच तोंडून तुमचा लेख वाचून घेतं. मोठ्याने वाचलं ना की खोटं वाक्य लगेच कळतं, जीभच अडखळते. आपल्याकडे एवढ्या हुशार मुली आहेत आणि एकीलाही कुणी हे करायला लावत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझा पीअर रिव्ह्यू ज्याने केला तो एकोणीस वर्षांचा मुलगा. मी लिहिलं होतं की आई दुपारी सांबार निवडत बसायची. त्याला वाटलं इडलीबरोबरचं सांबार, ते कसं निवडतात? मी म्हटलं थांब, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मी काढून टाकते, कोथिंबीर लिहिते. मॅडम मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या शब्द राहू दे, तिच्या हातात काय आहे ते दाखव, वाचणाऱ्याला आपोआप कळेल. मग मी लिहिलं की आई पिवळी पानं वर्तमानपत्रावर टाकायची आणि देठं वेगळी ठेवायची, कारण देठं वाटून भाजीत जायची.

दुसऱ्या ड्राफ्टसाठी कुलर घेतला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कुलरशिवाय घरच नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर, त्याला नवी खस, म्हणजे बाजूंना लावायचं वाळलेलं गवत, पहिल्या दिवशी खस भिजली की येणारा तो वास, हे सगळं मी लिहिलं आणि बाबा पाइप लावून टाकी भरायचे असंही लिहिलं. नक्की करावं म्हणून क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये गाडीत बसूनच आईला फोन लावला. इथे रात्रीचे साडेनऊ, तिकडे सकाळचे दहा.

"काय करून राहिली वं एवढ्या रात्री?"

मी विचारलं, आई, आपल्या कुलरमध्ये पाणी बाबाच भरायचे ना?

"नाही वं. त्या साली तं कुलरचा पंपच जळला होता. तू अन् दादा मगानं खसवर पाणी मारत होते, दर अर्ध्या तासानं. विसरली का?"

विसरले होते. मग पंप दुरुस्त का नाही केला? आई थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुकरची शिटी झाली. "पगारच कुठं झाला होता तुह्या बाबाचा. तीन महिने. तुमाले सांगितलं नव्हतं आम्ही."

गाडीत मी किती वेळ बसले माहीत नाही. आम्हाला तो खेळ वाटायचा हो. दादा आणि मी भांडायचो कुणाची पाळी म्हणून, स्टीलचा मग होता, कान तुटलेला, पाणी मारताना अर्धं आमच्याच अंगावर यायचं आणि खिडकीच्या आत बाबा पलंगावर पालथे पडलेले असायचे, भर दुपारी, कामाच्या दिवशी. ते घरी का आहेत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिसरा ड्राफ्ट त्याच रात्री लिहिला. "खूप", "सुंदर", "प्रेमळ" एकही शब्द आला नाही, लागलाच नाही. सुविचारही नाही. शेवट कान तुटलेल्या मगावर झाला.

त्याला ए मिळाला, ते सांगितलंच पाहिजे कारण आनंद झाला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी तो लेख मराठीत करायला घेतला आहे आणि आईचं बोलणं जसंच्या तसं ठेवते आहे, "करून राहिली" सकट, "तुह्या बाबाचा" सकट. पुण्याच्या मराठीत ते बोलणं लिहून पाहिलं होतं, दोनदा. ती माझी आई वाटतच नव्हती.

परवा आईला फोनवर वाचून दाखवला. सगळा ऐकला, मध्ये बोलली नाही. नंतर म्हणाली, तो मग स्टीलचा नव्हता, पितळेचा होता, स्टीलचा मांगून घेतला. आणि दादा खिशात कांदा ठेवून पाणी मारायचा, ऊन लागू नये म्हणून, ते काऊन नाही लिहिलं?

तर आता चौथा ड्राफ्ट सुरू आहे. पितळेचा मग आणि कांदा घालायचा आहे. पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशनही याच महिन्यात केलं, मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. दादा, तू हे वाचत असशील तर त्या उन्हाळ्यातलं तुला जे आठवतं ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठव. लिहून नको पाठवू, बोलूनच पाठव.