पाबळचा विज्ञान आश्रम: घुमट, लेझर आणि हिशेबाची वही

पुण्याहून पाबळला जायला दोन वाटा आहेत: नगर रस्त्याने शिक्रापूर गाठून डावीकडे वळायचं, किंवा नाशिक रस्त्याने राजगुरुनगरहून आत शिरायचं. अंतर साधारण ६०-६५ किलोमीटर. शिरूर तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. मस्तानीची कबर याच गावात आहे, तीही बघावी. पण आमचा मुक्काम विज्ञान आश्रमात होता.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ही शिक्षणसंस्था सुरू केली. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून ते पाबळला आले. शाळेत न रमलेली मुलं हाताने काम करत शिकतात आणि ते काम गावाच्या उपयोगी पडलं तर शिक्षणाचा खर्चही थोडा निघतो, हा त्यांचा विचार. वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन असे चार विभाग आहेत आणि प्रत्येकाने चारही करायचे. वेल्डिंग शिकणाऱ्याने भाजीचा वाफाही करायचा. आम्हाला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गावात एकाच कसबावर वर्षभर काम मिळत नाही.

आवारात नजर जाते ती घुमटांकडे. त्रिकोणांच्या सांगाड्याला मधे खांब लागत नाही आणि काम थोड्या दिवसांत शिकता येतं. गणित सोपं आहे. ३ मीटर त्रिज्येचा साधा अर्धगोल घ्या. त्याला फक्त दोन लांबीच्या पट्ट्या लागतात: त्रिज्येला ०.६१८ ने गुणलं की लांब पट्टी, म्हणजे १.८५४ मीटर, अशा ३५, ०.५४६५ ने गुणलं की आखूड पट्टी, १.६४० मीटर, अशा ३०. जोड २६ आणि त्रिकोण ४०. ही मापं बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची आहेत; दोन्ही टोकांना २-२ सेंटिमीटर जास्त ठेवून कापायचं. चूक इथेच होते. कोणी टोकापासून टोकापर्यंत मोजतो आणि शेवटच्या ओळीत बोल्ट बसत नाहीत. दोन लांब्यांच्या पट्ट्यांना कापतानाच वेगवेगळा रंग लावावा. सगळे बोल्ट आधी सैल ठेवायचे, शिखर बसल्यावरच आवळायचे. एक जोड आधी घट्ट केला की समोरचा ओढला जातो.

वरून फेरोसिमेंट, म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर, करायचं तर चिकन मेशचे (खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीचे) दोन थर ताणून तारेने बांधायचे आणि सिमेंट एकास वाळू दोन ते तीन असा घट्ट माल आतून-बाहेरून दाबायचा. जाळी ढिली राहिली तर माल पोट काढून गळतो. पाणी जास्त झालं तर वाळताना केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी शिरून जाळी गंजते. गोणपाट टाकून निदान दहा दिवस ओलं ठेवा. उन्हाळ्यात दुपारी एकदा पाणी मारून भागत नाही.

दुसरं आकर्षण म्हणजे फॅब लॅब: संगणकावरच्या रेखाटनावरून वस्तू बनवणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये इथे ती सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ही एक. लेझर कटरवर काही करून बघायचं असेल तर आधी कळवून, कामाच्या दिवशी जा. रेखाटन डीएक्सएफ किंवा एसव्हीजी या रेषांच्या फाइलमध्ये न्या. फोटो चालत नाही. खाचेत खाच बसवायची असेल तर बाजारात ३ मिमी म्हणून मिळणारा प्लाय व्हर्नियरने (जाडी मोजायच्या मोजपट्टीने) चार ठिकाणी मोजा. जाडी क्वचितच नेमकी ३ भरते, आणि पावसाळ्यात तो फुगतो. शिवाय लेझर स्वतःच मिमीचा एक-दोन दशांश भाग जाळतो. म्हणून आधी एका तुकड्यावर २.७ ते ३.१ मिमी रुंदीच्या पाच खाचा कापायच्या, हाताने दाबून घट्ट बसेल ती निवडायची आणि मगच पूर्ण प्लाय लावायचा. पीव्हीसी कधीही लेझरखाली घालू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसाला आणि मशीनच्या लोखंडालाही खातो.

वस्तू झाली की वहीत तिचं कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, लिहायचं, हा इथल्या शिकण्याचाच भाग. बाहेरच्या कार्यशाळांत नेमका हाच धडा गाळला जातो. वर सांगितलेल्या घुमटाला ६ मीटरचे २२ अँगल (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या) लागतात, कारण एका अँगलमधून तीनच पट्ट्या निघतात. विकत घेतले १३२ मीटर, वापरले सुमारे ११७. उरलेले १५ मीटर कोणाच्या खात्यात घालायचे? लांब पट्ट्यांच्या अँगलमागे ३१ सेंटिमीटर उरतात, ते फारसे कामाचे नाहीत. आखूड पट्ट्यांमागे ९६ उरतात, त्यातून स्टुलाचे दोन पाय निघतात. ते स्टूल विकलं तर घुमटाची किंमत उतरते, तुकडे कोपऱ्यात गंजले तर चढते. शिवाय वेल्डिंग रॉड, ग्राइंडरची झिजलेली चकती, विजेचे युनिट, रंगातलं थिनर आणि टेम्पोचं भाडं. मजुरी सगळ्यांच्या लक्षात राहते, पण थिनर आणि चकती सुटतात, आणि ठरलेल्या किमतीतला नफा तिथेच गळून जातो.