परातीतलं विवर

गेल्या ऑक्टोबरातला रविवार. लेकीनं स्वयंपाकघरातली मोठी परात मागितली. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरहून निघताना आईनं बॅगेत कोंबून दिलेली ती पितळी परात. तळाशी तीन बोटं मैदा पसरला, त्यावर हळदीचा पातळ थर, सगळ्यात वर तिखटाचा. मग स्टुलावर चढून तिनं वरून गोटी सोडली. खळगा पडला, त्याचे काठ फुगून वर आले आणि आतला पांढरा मैदा उसळून लाल तिखटावर पसरला. चारी बाजूंना फराटे उठले.

"आई, बघ! सगळ्यात खालचं होतं ते सगळ्यात वर आलं."

शाळेत त्यांनी हे कोको पावडर घालून केलं होतं. घरी जे होतं ते तिनं घेतलं. त्या हळद-तिखटानं मला पुढे काय दाखवलं, ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

आम्ही ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला राहतो. ॲरिझोना म्हटलं की घरच्यांना वाळवंट दिसतं, पण हे गाव सुमारे २१०० मीटर उंचीवर, पाइनच्या जंगलात आहे. थंडीत इथे गुडघाभर बर्फ पडतं. गावातले दिवे पिवळसर, मंद आणि जमिनीकडे तोंड केलेले. आकाश काळोखं राहावं म्हणून या गावानं १९५८ सालीच सर्चलाइटवर बंदी घातली, आणि २००१ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय सिटी' हेच ठरलं. सुरुवातीला मला रात्री गाडी चालवताना अंधाराचा त्रास व्हायचा. एका अमावास्येला पार्किंगमध्ये उतरले, वर पाहिलं तर आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. त्या दिवसापासून या अंधाराबद्दल माझी तक्रार नाही.

इथे सहावी ते आठवी म्हणजे मिडल स्कूल. लेक आता सातवीत आहे. यंदा विज्ञानाला पृथ्वी आणि अवकाश हे दोन्ही एकत्र आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं. आमच्या वेळी खडक भूगोलात होते, ग्रह विज्ञानात होते, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

पहिलं काम होतं चंद्राची वही. महिनाभर रोज चंद्र पाहायचा, चित्र काढायचं, वेळ आणि दिशा लिहायची. आमच्याकडे संध्याकाळचे सात वाजले की मेहकरला दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात झालेले असतात, आणि आईचा फोन त्याच वेळी असतो. लेक म्हणायची, "आजी, आज बरोब्बर अर्धा दिसतोय." आई तिकडे उजेडात बसून, चंद्र न बघता सांगायची, "मंग अष्टमी असंल माय." चार-पाच दिवस असं झाल्यावर लेकीनं विचारलं, आजीला कसं कळतं? मग मी तिला तिथी समजावली. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी, तीस तिथ्यांचा एक महिना. तिनं वहीत प्रत्येक चित्राखाली तिथी लिहायला सुरुवात केली. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे तिला तक्त्यावरून समजलं. आईला ते चाळीस वर्षांच्या संकष्ट्यांनी शिकवलंय. आईनं तिकडून चंद्रकोरीचा फोटो पाठवला तेव्हा आणखी एक गंमत सापडली. मेहकरची कोर आडवी, होडीसारखी. आमच्याकडची जास्त उभी. मेहकर वीस अक्षांशावर, आम्ही पस्तीस, त्याचा हा फरक. वही तपासताना शिक्षिकेनं त्या पानावर एकच वाक्य लिहिलं: हे तुला कसं कळलं ते मला दाखव. लेकीनं दिवाणखान्यात दिवा आणि चेंडू घेऊन दाखवण्याची तयारी केली. त्यात अख्खा शनिवार गेला.

गावातच मार्स हिल नावाच्या टेकडीवर लोवेल वेधशाळा आहे, १८९४ सालची. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला तो इथेच. काही दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन फोटोप्लेटा आलटून पालटून बघायच्या आणि हजारो ठिपक्यांत हललेला एक ठिपका हुडकायचा, असं ते काम होतं. लेकीला मात्र दुसरीच गोष्ट भावली. प्लूटो हे नाव सुचवलं ते ऑक्सफर्डच्या व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीनं. घरी येईपर्यंत गाडीत तोच विषय.

नोव्हेंबरात आम्ही मेटिअर क्रेटर बघायला गेलो. फ्लॅगस्टाफहून पूर्वेला साठेक किलोमीटर. सपाट माळ, एक झाड नाही, आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागते. काठावर पोचेपर्यंत काहीच दिसत नाही. मग एकदम समोर सव्वा किलोमीटर रुंद आणि पावणेदोनशे मीटर खोल खड्डा. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी लोखंड आणि निकेलचा, पन्नासेक मीटरचा गोळा इथे आदळला.

काठावरच्या वाटेवर मार्गदर्शक थर दाखवत होते. माळावर सगळ्यात वर लाल मोएनकोपी, त्याच्याखाली पिवळसर कायबाब, त्याखाली पांढरट कोकोनिनो. ग्रँड कॅन्यनच्या काठावर लोक ज्या खडकावर उभे राहून फोटो काढतात तोच हा कायबाब, सत्तावीस कोटी वर्षांचा. विवराच्या काठावर मात्र क्रम उलटा आहे. लाल खाली, पिवळा मध्ये, पांढरा वर. आघातानं थर पुस्तकाच्या पानासारखे उलटून पडलेत. लेकीनं माझा हात घट्ट धरला. "तिखट, हळद, मैदा," ती म्हणाली. मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

हा खड्डा आघाताचा आहे हे मान्य व्हायला फार काळ लागला. १८९१ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या मोठ्या भूवैज्ञानिकानं पाहणी करून तो जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाचा ठरवला. पुढे डॅनियल बॅरिंजर यांनी १९०३ पासून लोखंडाच्या शोधात इथे वर्षानुवर्षं खोदलं. आघाताबद्दल त्यांचं बरोबर होतं, पण मोठा गोळा सापडला नाही, कारण आदळताच त्याचा बहुतेक भाग वितळून आणि वाफ होऊन गेला होता. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना इथल्या वाळूच्या खडकात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते तयार व्हायला जो दाब लागतो तो वाफेच्या स्फोटातून मिळत नाही. पुढे अपोलोचे अंतराळवीर सरावाला इथेच आले.

याच गिल्बर्टनं १८९६ मध्ये या खड्ड्याशी साम्य असलेलं एक ठिकाण म्हणून लोणारचं नाव घेतलं होतं. हे मला तिथे, त्या वाऱ्यात उभं राहून मोबाइलवर वाचताना कळलं. लोणार आमच्या मेहकरच्या घरापासून तासाभराच्याही आत. शाळेची सहल, कमळजा देवीचं दर्शन, धारेखाली पाय धुणं, दैत्यसूदनाच्या देवळात ऐकलेली गोष्ट की विष्णूनं अंगठ्यानं लोणासुराच्या घराचं झाकण उडवलं. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे इथल्यापेक्षा मोठा. शिवाय तो काळ्या बसाल्टमध्ये आहे. चंद्रावरच्या काळ्या मैदानांतही बसाल्टच आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार इतकं मोलाचं. तिथला आघात १९७३ मध्ये खडकांच्या पुराव्यानिशी मांडला गेला. मी शाळेत होते तेव्हा हे माहीत झालेलं होतं. आमच्या वर्गात कुणी सांगितलं नाही याचं मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

लेकीनं आता शाळेच्या प्रकल्पाला लोणार घेतलंय. एका पद्धतीनं त्याचं वय सुमारे पन्नास हजार वर्षं येतं, खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीनं साडेपाच लाखांच्या पुढे. दोन्ही आकडे तिनं तक्त्यावर शेजारी शेजारी लिहिलेत, आणि मधे मोठी जागा मोकळी सोडली आहे.

डिसेंबरात आम्ही येतोय. तिची यादी तयार आहे: काठावरचे बसाल्टचे थर कोणत्या बाजूला कललेत ते मोजायचं, फोटो काढायचे, पाण्याचा सामू बघायचा. दगड उचलायचा नाही, ते अभयारण्य आहे, हेही तिनंच लिहिलंय. परवा फोनवर आईला सगळं वाचून दाखवलं. आईचे गुडघे आता उतरू देत नाहीत.

"म्या वर काठावर बसते," आई म्हणाली, "तू खालून आवाज दे. आन् परात संगं आण वं, मले बी पाहू दे."